पापणी न पाडणारे सोनवणे आप्पा

सोनवणे आप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या छातीवर खडूने गोल काढला.

सुरतेच्या बमरोली भागातल्या आमच्या सोसायटीत मी त्या दिवशी राहायला आलो होतो. सामानाचा टेम्पो दारात, मी घामाने भिजलेला. समोरच्या ओट्यावरून एक उंच, वाळका माणूस उठला आणि सरळ माझ्यापाशी आला. नमस्कार नाही, नाव नाही. माझ्या शर्टाकडे एकटक पाहिलं, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि माझ्या खिशाखाली दोन बोटं सोडून एक छोटा गोल काढला.

"इथे धागा सुटलाय," ते म्हणाले. "विणतानाच सुटलाय. दुकानदाराने फसवलं तुम्हाला."

मग विचारलं, "गाव कोणतं?"

मी म्हटलं, बुलढाण्याकडचे आम्ही, वडील रेल्वेत होते म्हणून उधन्यात वाढलो, आता मराठी शाळेत शिकवतो. "मास्तर म्हणजे," ते म्हणाले, आणि तेव्हापासून मी मास्तरच. ते स्वतः नंदुरबारजवळच्या एका खेड्यातले. विशीत सुरतेला आले ते पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कापड तपासायला बसले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलाशी बसून राहिले.

कापड तपासायचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. तिरकी काच असते, काचेखाली ट्यूबलाइट. वरून कापड सरकत जातं आणि माणसाने बघत राहायचं. डाग, गाठ, तुटलेला धागा, छपाईत आलेला पट्टा, जे दिसेल तिथे खडूने खूण करायची. एक ताका संपला की दुसरा. आप्पांचा या कामाबद्दल एकच सिद्धांत होता आणि तो ते कोणालाही, न विचारता, ऐकवत.

"पापणी पडली की माल गेला."

म्हणून ते पापणी पाडत नसत. तीसपस्तीस वर्षांच्या सरावाने त्यांनी ही गोष्ट साधली होती. आपण बोलत असताना ते आपल्याकडे बघत, आणि आपल्याला काही वेळाने वाटायला लागे की आपण काहीतरी चोरलं आहे. सोसायटीतली मुलं त्यांच्याशी डोळे रोखायची पैज लावत. मुलांची रांग लागे, एकेकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागे, आणि आप्पा भिंतीवरच्या तसबिरीसारखे बसलेले. एकदाही हरल्याचं मला आठवत नाही.

त्यांना दोषच दिसत, बाकी काही दिसत नसे. लग्नाला गेले की नवरीच्या शालूतली गाठ दिसे. माझ्या बायकोने, सुनीताने, दिवाळीला नवीन साडी नेसून त्यांच्या पाया पडायला वाकावं, तर आशीर्वादाच्या आधी, "पदराची छपाई अर्धा सूत सरकलीय, सूनबाई." कशाला कधी 'चांगलं आहे' म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. फार खूश झाले तर म्हणत, "पास."

त्यांची बायको, जिजी, बुटकी, गोल आणि हसरी. घरात दोघं अहिराणीत बोलत. आप्पा सारखे काही ना काही दाखवत असत, हे बघ, ते बघ, आणि जिजींचं एकच उत्तर असे, "माले समदं दिखस." म्हणजे, मला सगळं दिसतं, तुम्ही नका सांगू. मुलगी एकच, लग्न होऊन नंदुरबारला.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी आप्पांनी एक नवा शोध जाहीर केला. सुरतेत आता पांढरं कापड बनत नाही.

"सगळं पिवळट," ते म्हणाले. "आजकाल कोणाला पांढरा जमतच नाही. रसायन हलकं वापरतात."

माझा शर्ट पांढरा होता. मी तसं म्हटलं. त्यांनी तो हातात धरून पाहिला, उजेडात नेला आणि कीव आल्यासारखा माझ्या अंगावर सोडला. पुढच्या काही महिन्यांत सुरतेतली निळी शाई हिरवी झाली, बमरोलीच्या रस्त्यावर बारा महिने धुकं पडायला लागलं, आणि येणाऱ्या प्रत्येक स्कूटरला दोन दोन दिवे आले. या सगळ्यात आपल्या डोळ्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. शहर बिघडलंय, अशीच त्यांची खात्री होती. शेवटी दुधाच्या पिशवीऐवजी ते ताकाची पिशवी घेऊन आले आणि त्याचा चहा झाला, तेव्हा मुलीने फोनवर रडून-भांडून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात जायला लावलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि काळा चष्मा लावून आप्पा रिक्षातून उतरले. ओट्यावर चढायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, शर्ट पांढरा आहे."

"तेच मी म्हणत होतो."

"आता बनायला लागला," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढचे आठ दिवस त्यांच्या घरातून फक्त त्यांचाच आवाज येत होता. या पातेल्याला खालून काळं आहे. नळामागे शेवाळ आहे. कोपऱ्यात जाळी आहेत, डब्यावर हळदीचे हात आहेत, ही भाकरी एका बाजूने करपलीय. जिजी म्हणत, "हो ना, माले समदं दिखस," आणि फडकं घेऊन भलतीकडे पुसत. आम्ही हसत होतो. नवीन डोळा आलाय, चार दिवस चालणारच असं.

मग तो डोळा दुखायला लागला. वाळू गेल्यासारखं खुपायचं. सकाळी बरं, दुपारनंतर जळजळ, आणि मधूनच सगळं धूसर. पुन्हा पापणी मिटली की स्वच्छ. आप्पांना वाटलं डॉक्टर आत काहीतरी विसरले. मला त्यांनी सोबत घेतलं, कारण डॉक्टरबाई गुजरातीत फार भराभर बोलतात आणि 'मास्तरला समजतं'.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आप्पांच्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली. तिच्यावर खुणा छापलेल्या होत्या. पाच मिनिटं डोळे मिटून बसा म्हणाल्या. डोळ्यातून कागद लोंबत असलेले आप्पा ताठ बसून राहिले. पाच मिनिटांनी बाईंनी पट्टी काढून उजेडात धरली.

"काका, निदान दहापर्यंत भिजायला हवी होती. चारवरच थांबली."

"मग?" आप्पांनी विचारलं.

"डोळे कोरडे पडलेत."

आप्पांनी पट्टी मागून घेतली, स्वतः तपासली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या माणसाचा आज स्वतःचा माल परत आला होता. "कागद खराब असेल," ते म्हणाले. बाईंनी दुसरी पट्टी लावली. साडेतीन.

त्यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या बारीक कापाने काही दिवस डोळा कोरडा पडतोच, बहुतेकांचा काही महिन्यांत आपोआप सुधारतो. पण काका, तुमचा आधीपासूनच कोरडा असणार. मी मघापासून बघतेय, तुम्ही पापणी मिटतच नाही. पापणी पडते तेव्हा डोळ्यावर पाण्याचा थर पसरतो. ती पडलीच नाही तर थर वाळून जातो. आणि हो, दुसऱ्या डोळ्याचं आत्ता करायचं नाही. कोरड्या डोळ्यावर लेन्सचं माप चुकतं.

"आंख पटपटावो, काका!" त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या पापण्या भराभर मिटून दाखवल्या.

चौसष्टाव्या वर्षी आप्पा पापणी पाडायला शिकू लागले. हे काम त्यांनी मिलचं काम घ्यावं तसं अंगावर घेतलं. दोन्ही डोळे घट्ट मिटायचे, मनात दोन आकडे म्हणायचे, उघडायचे. असं दहा वेळा, दर तासाला, जिथे असतील तिथे. बसथांब्यावर त्यांना असं करताना पाहून एका बाईने शेजारची जागा सोडली. भाजीवाल्याला वाटलं काका भाव ऐकून चक्कर येऊन पडतायत. चालताना करायला गेले आणि विजेच्या खांबाला भेटून आले.

स्वतःचं जमायला लागल्यावर ते दुसऱ्यांचं तपासू लागले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसत आणि मी बातम्या बघत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत. "मास्तर, मिनिटाला चार. कमी आहे." माझी मुलगी पूजा बारावीत, तिचा मोबाईल हातातून सुटत नाही. तिच्या कानाशी ओरडत, "पाड पापणी!" तिने एकदा घाबरून फोनच पाडला.

पंखा तर त्यांनी बंदच केला. "पंख्याचा वारा डोळ्यातलं पाणी पितो." सुरतेचा उन्हाळा सुरू होत होता. त्यांच्याकडे गेलेला पाहुणा दहा मिनिटांत शर्टाने तोंड पुसत बाहेर येई. औषधाच्या थेंबांना ते 'तेल' म्हणत. दिवसातून सहा वेळा ओट्यावरून हाक ऐकू येई, "जिजी, मशिनला तेल!" मग ते खाटेवर उताणे पडत आणि जिजी थेंब टाकत.

त्यात एक भानगड होती. डोळा कोरडा, तरी त्यातून पाणी मात्र वाहत असे. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की डोळा खुपला की आतून भसकन पाणी सुटतं, पण ते नुसतंच पाणी, डोळ्यावर टिकत नाही. हे आप्पांना पटलं होतं, लोकांना कसं पटणार? खानदेशी मंडळींत आप्पा दगड म्हणून प्रसिद्ध. मुलीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता तेव्हा हे मांडवाच्या कापडाची शिवण बघत होते. आणि आता त्याच माणसाच्या गालावरून बसल्या जागी धारा लागलेल्या. पर्वत पाटियाला त्यांचा दूरचा एक चुलतभाव वारला. दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आप्पा भेटायला गेले, मी बरोबर होतो. चटईवर बसले, पंखा जोरात चालू होता, आणि पाच मिनिटांत सगळा चेहरा ओला. बायकांमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारी सरकत सरकत आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इतला जीव व्हता का आप्पा तुमना?"

"मावशी," आप्पा म्हणाले, "हे कोरडेपन से."

म्हातारीला ते फार खोल वाटलं. ती हमसून रडायला लागली.

दोन महिने झाले, पण पट्टी पाचाच्या पुढे जाईना. महिनाभर पुरायची बाटली दहा दिवसांत संपे. आप्पांनी दोष जिजींवर टाकला. "हात हालतो तिचा. एक थेंब कानात, एक नाकावर. परवा मिशीत टाकला." जिजी हसत. डॉक्टरबाईंनी विचारलं, थेंब कोण टाकतं? मग पुढच्या वेळी काकींना घेऊन या, मी शिकवते.

असे आम्ही तिघं रिक्षाने गेलो. डॉक्टरबाईंनी आप्पांना खुर्चीत मागे टेकवलं आणि बाटली जिजींच्या हातात दिली. "टाका काकी, मी बघते."

जिजींनी डाव्या हाताने आप्पांचा चेहरा चाचपला. कपाळ, मग भुवई, मग नाक. नाकावरून बोट बाजूला सरकवलं आणि थेंब टाकला. तो गालावर पडला. दुसरा भुवईत.

"हे बघा," आप्पा म्हणाले. "असं रोज."

डॉक्टरबाईंनी जिजींच्या हातातून बाटली हळूच काढून घेतली आणि त्यांच्यासमोर हात धरला.

"काकी, केटली आंगळी छे?"

"माले समदं दिखस, बाई," जिजी म्हणाल्या. "ह्यांचं बघा आधी."

"दिसतंय ना. मग सांगा, किती बोटं?"

"पाच."

बोटं दोन होती. डॉक्टरबाईंनी हात तसाच धरून ठेवला. चुकलं हे जिजींना कळलं असावं.

"मग तीन," त्या म्हणाल्या.

आप्पा खुर्चीतून उठले. गालावरचा थेंब तसाच होता. ते जिजींच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाहू लागले. ती माझ्या ओळखीची नजर होती, काचेवरच्या कापडाकडे बघायची. दोन्ही बुबुळं मधोमध दुधासारखी पांढरी झालेली होती. आता मलाही दिसलं. मी त्या घरात रोज जात होतो, त्यांच्या हातचा चहा पीत होतो.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

"झालं असेल एखादं वर्ष."

"बोलली नाहीस."

"तुमचं सुरू झालं होतं ना. दोघांचं एकदम कसं करायचं? घरात एकाला तरी दिसतंय असं वाटायला नको?" मग थोडं हसून म्हणाल्या, "घरातलं मला हाताला समजतं. तांदळातला खडा सापडतो. भाकरी वासावर उलटते. तुमच्या डोळ्याचं तेवढं जमलं नाही."

परत येताना रिक्षात आप्पा मध्ये बसले होते. उधन्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ थांबली. समोरच्या दुकानावर कापडाचा फलक होता, रंग उडालेला, अक्षरं वाकडी. एरवी त्यांनी रिक्षावाल्यालाही दाखवला असता. ते समोर बघत राहिले. घर जवळ आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "मला दिसलं नाही, मास्तर." जिजी पलीकडून म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठे दिसत होतं, दूध-ताक कळत नव्हतं," आणि रिक्षावाला हसला.

जिजींच्या ऑपरेशनची तारीख महिन्याभराने मिळाली. त्या महिन्यात आप्पा थेंब टाकायला शिकले. आधी त्यांनी चहाच्या बशीवर खडूने टिंब काढून सराव केला. मग माझ्यावर. मी खाटेवर झोपायचो, ते माझी खालची पापणी एका बोटाने ओढायचे आणि बाटली वर धरायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून डोळा मिटला तेव्हा म्हणाले, "पाडू नका पापणी!" मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "थेंबानंतर पाडा. हळूच." पाच-सहा दिवसांत थेंब नेमका पडायला लागला. स्वतःच्या डोळ्यातही ते आता स्वतःच टाकू लागले, त्यामुळे बाटली महिनाभर पुरू लागली. पट्टी आठवर आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जिजींना दवाखान्यात ठेवून घेतलं. साखर वाढलेली होती म्हणून. मुलगी नंदुरबारहून येऊन त्यांच्याजवळ थांबली. आप्पा सकाळीच घरी परतले, काळा चष्मा लावला आणि स्टुलावर चढले. छतापासून सुरुवात केली. जाळी, खिडक्या, नळाच्या मागची भिंत, डबे, पातेली. मी मदतीला गेलो तर मला शेगडी घासायला दिली.

"डोळा उघडला की सगळं एकदम दिसतं," ते म्हणाले. "वाईट वाटतं. आपल्याच घरात."

धुळीने त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. शेजारच्या बायका दारातून डोकावून, हळहळून गेल्या. एकीने सुनीताला सांगितलं, जिजींचं काही खरं नाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची. मी शाळेला अर्धी रजा टाकून गेलो. आप्पा दाढी करून, केसांना तेल लावून, पांढरा शर्ट घालून उभे होते. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. पारपत्राच्या फोटोला उभं राहावं तसे.

डॉक्टरबाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला. जिजींनी आधी डोळा मिटूनच ठेवला. मग उघडला. खिडकीकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लहान आहेस की गं तू." मुलीकडे पाहून तिच्या गालाला हात लावला. मग आप्पांकडे वळल्या आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आप्पा तसेच उभे.

"हाई बटन कोनी लावं?" जिजींनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आप्पांच्या शर्टाचं वरून तिसरं बटण तपकिरी होतं. बाकी सगळी पांढरी. काळ्या दोऱ्याने, वेडंवाकडं शिवलेलं.

"तूच," आप्पा म्हणाले.

"मी? कव्हा?"

"मागच्या दिवाळीत."

"आणि तुम्ही तसाच घालत फिरलात? बोलला नाहीत काही?"

"मला कुठे दिसत होतं," आप्पा म्हणाले.

दिवाळीचं ठीक होतं, पण थंडीपासून त्यांचा उजवा डोळा उघडा होता. तो शर्ट मी त्यानंतर त्यांच्या अंगात कितीतरी वेळा पाहिला होता. त्याच शर्टात त्यांनी घरभर शेवाळ आणि जाळी शोधली होती.

घरी आल्यावर जिजी खाटेवर बसल्या आणि भिंती, डबे, छत असं सगळं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तो शर्ट काढून द्या इकडे आणि पूजाला सुईदोरा आणायला सांगा, बटण बदलते. डॉक्टरबाईंनी महिनाभर शिवण करायची नाही म्हणून सांगितलंय, मुलगी म्हणाली. मग मी बदलते, आई, दे.

आप्पांनी शर्टाच्या त्या बटणावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "चांगलं दिखस."